वाट चुकलेल्या आई-बाबांसाठी : उत्तर अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळांना खुले पत्र

प्रति,
बृहन्महाराष्ट्र मंडळ आणि उत्तर अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे पदाधिकारी,

सप्रेम नमस्कार.

मी साताऱ्यात राहते. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले. मुलगा, सून आणि नात अमेरिकेत आहेत, त्यामुळे आम्हा दोघांचं अधूनमधून तिकडे येणं होतं. तुमच्या गणपतीला आरती म्हटली आहे, हळदीकुंकवाला तिळगूळ वाटला आहे, तुमच्या मराठी शाळेत तिकडेच जन्मलेली मुलं बाराखडी गिरवताना बघून डोळे भरून आले आहेत. तेव्हा हे पत्र परक्याचं समजू नका.

माझी मागणी अशी आहे. भारतातून दर उन्हाळ्यात मुलांकडे येणाऱ्या आमच्यासारख्या आई-वडिलांच्या रस्त्यावरच्या सुरक्षिततेचा प्रश्न मंडळांनी आपला मानावा. आजवर तो एकेका घरावर सोडलेला आहे. मुलगा सांगतो, "बाबा, फार लांब जाऊ नका", आणि बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं. ज्या दिवशी भागत नाही, त्या दिवशी काय होऊ शकतं हे अमेरिकेतल्या प्रत्येक भारतीय घरानं ६ फेब्रुवारी २०१५ ला पाहिलं. दहाहून जास्त वर्षं झाली, म्हणून पुन्हा लिहिते.

अलाबामा राज्यात हंट्सव्हिलजवळ मॅडिसन नावाचं शहर आहे. सुरेशभाई पटेल गुजरातमधून तिथे आपल्या मुलाकडे आले होते. वय ५७. नातू दीड वर्षाचाही नव्हता, त्याला सांभाळायला हातभार लागावा म्हणून आलेले. सकाळी ते मुलाच्या घराजवळच फिरायला निघाले. एका शेजाऱ्यानं पोलिसांना फोन केला : एक बारीक, काळा माणूस, वय तिशीचं, डोक्याला लोकरी टोपी, गॅरेजपाशी घोटाळतो आहे. पोलीस आले. सुरेशभाईंना इंग्रजी येत नव्हतं. "नो इंग्लिश", "इंडिया" एवढं त्यांनी सांगितलं, मुलाच्या घराच्या दिशेनं हात दाखवला. पोलिसानं त्यांचे हात मागे धरले आणि त्यांना तोंडघशी जमिनीवर आपटलं. मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया झाली, शरीर अंशतः लुळं पडलं. हे सगळं पोलिसांच्याच गाडीतल्या कॅमेऱ्यात चित्रित झालेलं आहे.

पुढे राज्याचे गव्हर्नर रॉबर्ट बेंटली यांनी अटलांटातल्या भारतीय वाणिज्य दूतांना माफीचं पत्र पाठवलं. त्या पोलिसावर अमेरिकेच्या केंद्र सरकारनं खटला भरला. २०१५ मध्ये दोनदा सुनावणी झाली, दोन्ही वेळा ज्यूरीचं एकमत झालं नाही. जानेवारी २०१६ मध्ये न्यायाधीश मॅडलिन हायकाला यांनी त्याला निर्दोष सोडलं आणि तो नोकरीवर परत आला. दिवाणी दावा चालत राहिला. २०२० मध्ये अपील न्यायालयानं त्या पोलिसाला कायद्याचं संरक्षण देऊन दावा निकालात काढायला नकार दिला आणि २०२१ मध्ये शहरानं साडेसतरा लाख डॉलर देऊन तडजोड केली.

फौजदारी खटल्यात बचावाच्या वकिलानं ज्यूरीपुढे मांडलेला मुद्दा मी विसरू शकत नाही. अमेरिकेत यायचं तर इथले कायदे पाळावेत आणि इथली भाषा बोलावी अशी अपेक्षा असते, आणि जे घडलं त्याला सुरेशभाईही तितकेच जबाबदार आहेत, असं तो म्हणाला. नातवाला खेळवायला आलेला माणूस. त्यानं चालण्याखेरीज काही केलेलं नव्हतं. ज्याला मार बसला त्याच्याच अंगावर जबाबदारी टाकण्याची ही रीत आपल्याही घरात शिरली आहे, म्हणून मला लिहावंसं वाटलं. "बाबा, तुम्ही एकटे गेलातच कशाला?" हा आपल्या मुलांचा पहिला प्रश्न असतो.

का जातात, ते सांगते. म्हाताऱ्या माणसाला चालायला सांगितलेलं असतं, साखर असते, गुडघे आखडतात. सकाळी मुलगा-सून कामाला गेली की घर एवढं शांत होतं की बाहेर पडल्याशिवाय राहवत नाही. आणि बाहेर पडलं की तुमच्या वसाहतींची रचनाच पाहुण्याला चकवते. आमच्याकडे बहुतेक गल्ल्या कुठे ना कुठे बाहेर पडतात. तुमच्याकडे रस्ता वळत वळत जातो आणि गोल होऊन तिथेच संपतो. दुसऱ्या महायुद्धानंतर गाडी गृहीत धरून ही उपनगरं वाढली. बाहेरची वाहनं वसाहतीतून आरपार जाऊ नयेत, म्हणून रस्ते मुद्दाम असे आखलेले. घरं एकाच कंपनीनं तीन-चार नमुन्यांवरून बांधलेली, रंगसुद्धा वसाहतीच्या नियमात बसणारे. रस्त्यांची नावं झाडांची, आणि एकाच झाडाच्या नावाचा एक 'ड्राइव्ह', एक 'कोर्ट', एक 'लेन'. पदपथ मध्येच संपतो. सूर्य बघून दिशा ठरवावी तर चार वळणांनंतर तीही कळत नाही. आयुष्यभर नकाशे शिकवलेल्या मला तिथे दिशा समजायला वेळ लागला.

सगळ्यात मोठी अडचण म्हणजे विचारायला माणूस नाही. साताऱ्यात कुणी नवखा माणूस दोनदा त्याच गल्लीतून गेला तर टपरीवाला किंवा ओट्यावर बसलेली बाई आपणहून विचारते, "कुणाकडे जायचंय?" तुमच्याकडे विचारायचं तर कुणाचं तरी दार वाजवावं लागतं, आणि दार वाजवण्यातच धोका आहे. १७ ऑक्टोबर १९९२ ला लुइझियानातल्या बॅटन रूजमध्ये योशिहिरो हात्तोरी हा सोळा वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला जाताना पत्ता चुकून दुसऱ्याच घराच्या दाराशी गेला. घरमालकानं त्याला गोळी घातली. मुलगा गेला. फौजदारी खटल्यात घरमालक निर्दोष सुटला. एप्रिल २०२३ मध्ये कॅन्सस सिटीत धाकट्या भावांना आणायला गेलेल्या सोळा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलानं चुकून भलत्याच घराची बेल वाजवली आणि त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला. त्याच आठवड्यात न्यूयॉर्क राज्यात चुकीच्या घराच्या आवारात वळलेल्या गाडीतली वीस वर्षांची गोरी मुलगी मारली गेली. म्हणजे वाट चुकणं तिथे कुणालाही महागात पडू शकतं. पण ज्याचा रंग आणि भाषा वेगळी, त्याच्याकडे संशय आधीपासूनच वळलेला असतो.

आमच्या घरी जे झालं ते यापुढे काहीच नाही. तरी सांगते, कारण बहुतेक घरांत असंच काहीतरी घडतं आणि बाहेर येत नाही. गावाचं नाव घेत नाही.

हे एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. सारा जन्म स्टँडवर लोकांना गाड्या आणि वाटा सांगण्यात गेला. त्या संध्याकाळी फिरून परत येताना एक वळण आधीच वळले. सिम भारतातलं, घराबाहेर इंटरनेट नाही, त्यामुळे खिशातल्या फोनचा उपयोग नव्हता. घराचा क्रमांक पाठ होता, रस्त्याचं नाव अर्धवट आठवत होतं. म्हणून ते प्रत्येक घरासमोरच्या टपालपेटीवरचा आकडा वाकून वाचत निघाले. मुलगा ऑफिसातून निघत असताना त्याच्या फोनवर वसाहतीच्या ग्रुपमध्ये एक फोटो आला, कुणाच्या तरी दाराच्या कॅमेऱ्यातला. हा माणूस घरोघरच्या टपालपेट्या तपासतो आहे, इथला वाटत नाही, पोलिसांना कळवलं आहे, असं खाली लिहिलेलं. फोटोत त्याचे वडील होते. अंगातला स्वेटर त्यानंच घेऊन दिलेला.

आलेला पोलीस वाईट वागला नाही, हेही सांगायला हवं. पण ह्यांनी पासपोर्टची प्रत काढायला आतल्या खिशात हात घातला तेव्हा तो जोरात ओरडला आणि त्याचा हात कमरेकडे गेला. आपल्याकडे पोलिसानं हटकलं की माणूस चार पावलं पुढे होतो, खिशातून कागद काढून दाखवतो. तो आदर असतो. तिथे नेमकं तेच करायचं नसतं, हे ह्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. मग मुलगा पोहोचेपर्यंत ह्यांना रस्त्याच्या कडेला बसवून ठेवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या. ग्रुपवर मुलानं लिहिलं, "हे माझे वडील आहेत." दोघांनी माफी मागितली, एकानं सावध राहण्यात गैर काय म्हणून विचारलं, आणि थोड्या वेळानं फोटो काढून टाकला गेला.

त्या मुक्कामात हे पुन्हा एकटे अंगणाबाहेर गेले नाहीत. दुपारी गॅरेजमध्ये गाडीभोवती फेऱ्या मारायचे. वाट चुकल्याचं त्यांना काही वाटलं नव्हतं. स्टँडवर रोज शंभर माणसं चुकलेली बघितलेला माणूस. त्या कडेला बसून लोकांच्या नजरा झेलाव्या लागल्या, ते त्यांच्या मनातून अजून गेलेलं नाही.

आता एक गोष्ट लिहिते ती तुम्हाला बोचेल, पण मंडळांना पत्र लिहिण्याचं ते मोठं कारण आहे. मॅडिसनच्या बातमीनंतर आपल्या लोकांकडून मी पुन्हा पुन्हा ऐकलं : "बिचाऱ्यांना काळा समजले हो!" जणू सुरेशभाई खरोखर कृष्णवर्णीय असते तर ते आपटणं ठीक होतं. आणि आई-वडील विमानातून उतरले की पहिल्याच आठवड्यात त्यांना दबक्या आवाजात सूचना मिळते, अमुक भागात जाऊ नका, तिथे 'ते' लोक राहतात. मलाही मिळाली. ज्या आजी-आजोबांनी आयुष्यात कृष्णवर्णीय माणसाशी एक शब्द बोललेला नाही, ते आठवडाभरात त्याला बघून रस्ता ओलांडायला शिकतात. मॅडिसनमधल्या त्या शेजाऱ्यालाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. त्याला सत्तावन्न वर्षांच्या आजोबांच्या जागी तिशीतला संशयित काळा माणूस दिसला.

तुम्ही ज्या दारातून अमेरिकेत आलात ते दार कुणी उघडलं, हे मराठी शाळेत शिकवलं जावं असं मला वाटतं. १९४६ च्या कायद्यानं भारतीयांसाठी वर्षाला फक्त शंभर जागा ठेवल्या होत्या. १९६५ च्या कायद्यानं देशवार वाट्याची ती जुनी पद्धत मोडली, आणि तो कायदा कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीनं तापवलेल्या काळात मंजूर झाला. त्यानंतर आपले डॉक्टर आणि इंजिनिअर मोठ्या संख्येनं जाऊ शकले, मंडळं उभी राहिली. आणि कृष्णवर्णीयांशी आपलं नातं याहून जुनं आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केलं ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. साताऱ्याजवळच्या कटगुणचं हे मूळ घराणं. त्यांच्या गावाकडून आलेल्या आजी-आजोबांच्या कानात 'ते लोक' असं कुजबुजणं मंडळांनी थांबवावं. परक्याला संशयानं बघणं ही एकट्या अमेरिकेची खोड नाही, हेही मला माहीत आहे. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात जमावानं नायजेरियन विद्यार्थ्यांना मारलं, तेही शिकायला परदेशी आलेली कुणाची तरी मुलं होती.

आता मंडळांनी करायचं काय?

पहिलं काम तुमच्या शहराच्या पोलीस प्रमुखांना भेटायचं. तुमच्यात डॉक्टर आहेत, वकील आहेत, निवडून आलेली माणसंही आहेत. गणपतीच्या मिरवणुकीची परवानगी काढायला तुम्ही ज्या कार्यालयात जाता तिथेच हेही सांगायचं : आमच्या घरांत दर वर्षी इंग्रजी न येणारे वृद्ध पाहुणे येतात, ते पायी फिरतात, काहींना कमी ऐकू येतं, तुमच्या माणसांना त्यांच्याशी कसं बोलायचं हे शिकवा. एकटं जाऊ नका. गुजराती, तेलुगू, तमिळ मंडळींना बरोबर घ्या, आणि कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संस्थेच्या स्थानिक शाखेला आधी भेटा. १९०९ पासून ती संस्था याच प्रश्नांवर झगडते आहे, पोलिसांशी कसं बोलायचं हे त्यांना आपल्याहून जास्त कळतं. हात्तोरीच्या आई-वडिलांनी जपानमध्ये बंदुकांविरुद्ध सतरा लाखांवर सह्या गोळा केल्या आणि १९९३ मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची भेट घेतली. दुःखात बुडालेल्या परदेशी दांपत्याला हे जमलं. तुम्ही तर तिथले नागरिक आहात, मतदार आहात.

दुभाषाचं म्हणाल तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण केंद्राचा पैसा घेणाऱ्या संस्थांना वंश, रंग आणि मूळ देश यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. १९७४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं भाषेची अडचणही त्यात धरली. २००० साली राष्ट्राध्यक्षांनी काढलेला भाषासाहाय्याचा आदेश मार्च २०२५ मध्ये मागे घेतला गेला आणि इंग्रजी ही अधिकृत भाषा ठरवली गेली. कायदा मात्र तसाच आहे. वरून येणारा दाब कमी झाला आहे, म्हणून आता शहरोशहरी जाऊन मागावं लागेल. अनेक पोलीस ठाण्यांना आणि आणीबाणीचे फोन घेणाऱ्या ९११ केंद्रांना फोनवरून दुभाषा मिळू शकतो. मराठीचा नाही मिळाला तर हिंदीचा मिळेल. पण रस्त्यावरच्या पोलिसाला ते वेळेवर आठवायला हवं, आणि त्यासाठी कुणीतरी आधी जाऊन सांगायला हवं.

दुसरं, येणाऱ्या पालकांसाठी एक वर्ग घ्या. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनात ज्येष्ठांसाठी 'उत्तररंग' हा कार्यक्रम असतो, तिथेही घ्या, पण खरा उपयोग मे-जूनमध्ये गावोगावी घेतला तर. पोलीस दिसला की जागेवर थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे, खिशात घालायचे नाहीत, गाडीत असाल तर उतरायचं नाही. हे नुसतं सांगून होत नाही, चार वेळा करून घ्यावं लागतं. परदेशी पाहुण्यानं नोंदणीचा पुरावा जवळ बाळगावा असा तिथला कायदा आहे, म्हणून आय-९४ ची, म्हणजे अमेरिकेत प्रवेश केल्याच्या नोंदीची, छापील प्रत आणि पासपोर्टची प्रत गळ्यातल्या पारदर्शक पाकिटात ठेवायची, म्हणजे खिसा चाचपावा लागत नाही. पहिल्या दिवशी तिथलं सिम. ज्यांना विसरायला होतं त्यांच्या मुलांना 'सिल्व्हर अलर्ट'ची माहिती द्या. हरवलेल्या वृद्धांसाठी बऱ्याच राज्यांत ही सोय आहे आणि पोलिसांना कळवायला संकोच करायचा नसतो.

आणि मुलांना सांगा, आई-वडील आले की त्यांना घेऊन आजूबाजूच्या दहा घरी जा. वसाहतीच्या ग्रुपवर त्यांचा फोटो आधी तुम्हीच टाका : हे माझे आई-बाबा, ऑक्टोबरपर्यंत आहेत, सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात. असं सांगावं लागणं मला मान्य नाही, माणसानं रस्त्यावर चालायला ओळखपाळख का लागावी? तरीही करा, कारण त्यानं अनर्थ टळू शकतो. १८८३ च्या जूनमध्ये आनंदीबाई जोशी घरचं कुणी सोबत नसताना न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा त्यांना घ्यायला, त्यांना आपल्या घरी ठेवून घेणाऱ्या कार्पेंटरबाई आल्या होत्या. न्यू जर्सीतल्या रोझेलमध्ये साडी नेसलेली ती मुलगी कुणाच्या घरची, हे शेजारपाजाऱ्यांना मग वेगळं सांगावं लागलं नाही.

आमच्याकडे मुलं अमेरिकेत असलेल्या आई-वडिलांचा एक गट आहे. आम्ही मिळून एका कार्डाचा मजकूर तयार केला आहे, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. नाव, मुलाचं किंवा मुलीचं नाव आणि फोन, तिथला पूर्ण पत्ता, मी पाहुणा आहे, मला इंग्रजी कमी येतं, मला मराठी आणि हिंदी येतं, मला कमी ऐकू येतं, कृपया दुभाषा बोलवा. ज्या ओळी लागू नसतील त्या खोडायच्या. ज्या मंडळाला हवा असेल त्यांनी तो मागून घ्यावा, आपल्या राज्यातल्या वकिलाला दाखवावा, हवे ते बदल करून छापावा आणि सभासदांना निमंत्रणपत्राबरोबर घरी पाठवायला सांगावं. मे महिन्यात विमानं भरून निघतील, तेव्हा छपाई एप्रिलअखेर व्हायला हवी.

आपली,
अमेरिकेतल्या एका मुलाची आई,
सातारा